घोडीच्या रक्तातले दोन हात

“शेजारच्या रिकाम्या साइटवरचं गवत जेसीबीनं उपटलंय. त्यातलं लांबडं आता राहायला कुठे जाणार? पोरीला बूट घालून सोड,” असं भार्गवीला तिच्या सासूनं, कृष्णाबाईंनी, सकाळीच बजावलं होतं.

“अत्ते, आपल्या व्हाइटफील्डमधलं घरभाडं ऐकूनच ते परत जाईल,” म्हणून भार्गवी हसली होती.

संध्याकाळी चेंडू आणायला भार्गवीची मेघाश्री अनवाणीच त्या साइटवर गेली आणि तिच्या घोट्याला घोणस चावली.

मित्रांनो, हे मला कसं कळलं? हॉस्पिटलात मुलीच्या उशाशी बसून भार्गवी तेच तेच बोलत होती, आणि मी शेजारच्या ट्रेमध्ये, एका लहानशा बाटलीत होते. मी एक प्रतिपिंड आहे. विष धरून ठेवणं हे माझं काम.

माझा जन्म मात्र माणसात झाला नाही. दूर कोरड्या माळावर औषधासाठी घोडे पाळतात, तिथल्या एका राखाडी घोडीच्या रक्तात मी जन्मले. तिला सापाचं विष टोचत, अगदी थोडं, मग जरा जास्त. तिच्या पेशी ते विष ओळखायला शिकल्या आणि त्यांनी आम्हाला घडवलं. प्रथिनांच्या दोन लांब साखळ्या, दोन आखूड, गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या. वर दोन हात आणि खाली शेपूट, इंग्रजी वाय अक्षरासारखी. हातांच्या टोकांना अशी खाच, की तिच्यात एकच विष नेमकं बसावं. हातांनी ते धरायचं आणि शेपटीनं भक्षक पेशींना खुणावायचं, की या, हे घेऊन जा.

घोडीचं हृदय फार संथ चालायचं. दोन ठोक्यांच्या मध्ये विसावा घ्यायला जागा असायची. सकवारबाई तिला चारा घालायची. रक्त काढायच्या दिवशी म्हणायची, “आज गूळ जास्त आहे. समजून घे काय ते.” अशाच एका गुळाच्या दिवशी मी तिच्यातून निघाले. तो संथ ठोका पुन्हा ऐकला नाही.

कारखान्यात एका पाचक रसानं माझी शेपूट कापली. परक्या शेपटीनं माणसाला त्रास होऊ शकतो, म्हणून. कारण बरोबरच आहे. तरी अजून कुणाला खुणावावंसं वाटतं, आणि खुणावायला शेपूटच नसते. मग मला सुकवून, भुकटी करून बाटलीत भरलं. किती दिवस मी कपाटात होते कोण जाणे. हिची गरज न लागो, असंच जो तो म्हणे. मी वाट बघत राहिले.

त्या संध्याकाळी काचेच्या नळीत ठेवलेलं मेघाश्रीचं रक्त विषामुळे गोठेना. डॉक्टर त्रिविक्रम म्हणाले, “अम्मा, हे औषध घोड्याच्या रक्तातून काढलेलं असतं. देताना कदाचित अंगावर गांधी उठतील, दम लागेल. आम्ही इथेच आहोत.”

“घोड्याच्या? अहो, मी तिला शेंगदाणासुद्धा घाबरत देते.”

“आता घोडा काय नि गाढव काय,” कृष्णाबाई म्हणाल्या. “द्या हो तुम्ही.”

“घोडाच अज्जी, गाढव नाही,” डॉक्टर म्हणाले.

पाण्यात विरघळून, सुईवाटे मी मेघाश्रीच्या रक्तात शिरले. केवढी घाई त्या हृदयाला! पुढच्याच वळणावर विष भेटलं. मी दोन्ही हातांनी धरलं. बरोबर आलेल्या सगळ्यांनी धरलं. धरलेलं विष पुढे काही बिघडवू शकत नाही. जे आधीच बिघडलं, ते मात्र शरीरालाच सावकाश सावरावं लागतं.

काही तासांनी पुन्हा तिच्या रक्तानं नळी भरली. या खेपेला त्रिविक्रमांनी ती आडवी केली आणि रक्त हललं नाही. गोठलं होतं. भार्गवीनं ती नळी हातात मागून घेतली.

मित्रांनो, मी आता निघाले. शेपूट असती तर रक्तानं मला पुष्कळ दिवस सांभाळलं असतं. मेघाश्रीच्या पेशी आम्हाला परकं म्हणून ओळखू लागल्या आहेत. लवकरच तिची स्वतःची प्रतिपिंडं येतील, शेपटीसकट, आणि आम्हालाच धरतील. त्यांचा रागही येत नाही मला. आपल्याच घरात जन्मून तिथेच राहायचं, एवढं मलाही हवं होतं.

पण या धरपकडीत कधीकधी आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा भार्गवीनं मान हलवली खरी, पण तिची नजर नळीवरून हटत नव्हती. तिनं ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही, आणि सांगायला मी तिथे नसेन. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या ओळखीत कुणी अशी मुलगी हे औषध घेऊन घरी परतली असेल, तर पुढचे दोन-तीन आठवडे मधूनमधून तिच्या दारी जा. ताप आहे का, अंगावर पुरळ आहे का, गुडघे दुखतात का, तिलाच विचारा. एकालाही हो म्हणाली, तर तिच्या आईला लगेच डॉक्टरांकडे पाठवा.