बावीसच्या आतलं पोलाद

“सत्तावीस,” यंत्राच्या काट्याकडे बघत गयास म्हणाला. “साहेब, कडकपणा बावीसच्या वर चालत नाही.”

वाळूजच्या त्या कारखान्यात तेलविहिरींच्या पाइपांचे जोड बनत. त्यांचा कडकपणा तपासणं हे गयासचं एकोणीस वर्षांचं काम. काही विहिरींत सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू असतो. पोलाद फाजील कडक असलं की हा वायू त्याला आतून ठिसूळ करतो. वरून गंजाचा ठिपकाही दिसत नाही, आणि एक दिवस जोड काचेसारखा तडकतो.

“गयासभाई, ट्रक दारात उभा हाय,” मॅनेजर शिवराज म्हणाला. “नरम करायला परत भट्टीत घालायचं म्हंजी चार दिवस गेले. जोडावर दुसरीकडं टेकवून बघा की जरा.”

गयासने सहा ठिकाणी बघितलं. सहाव्या ठिकाणी एकवीस आलं. तेच लिहून त्याने सही केली. भांडण त्याला कधी जमलंच नव्हतं.

दहा महिन्यांनी दूर समुद्रकाठी विहीर खोदताना जोड तुटला, वायू वर उसळला, तीन माणसं गेली. चौकशी झाली. कागद चोख होते. ठपका कुणावरच आला नाही. शिवराज निर्धास्त झाला. गयासला मात्र घास गिळवेना. मेलेल्यांच्या यादीत बुद्धभूषण नावाच्या एका पोराचा पत्ता जवळच्या सिल्लोडचा होता. रविवारी तो एसटीत बसला.

बुद्धभूषणच्या आईने, सरूबाईंनी, त्याला खुर्ची दिली. स्वतः जमिनीवर बसल्या.

“कंपनीतून आलात व्हय? माझ्या लेकराला लई तरास झाला का हो?”

“नाय, मावशी. त्या गॅसनं आधी नाकच मरतं. वास बी येत नाय. दोन श्वासांत माणूस खाली बसतो.”

एवढं खरं होतं.

“मावशी, तो तुटलेला जोड… मीच तपासला होता. पास मीच केला.”

मान खाली घालून तो वाट बघत राहिला. शिव्या, चप्पल, काहीही येवो.

“म्हंजी चांगला व्हता म्हणा की,” सरूबाई हळूच म्हणाल्या. “तुमी पारखून दिला. मंग तुमी तरी काय करणार, बाबा?”

“नाय मावशी, सहाव्या जागी…” गयास सांगू लागला.

तेवढ्यात शेजारची वच्छलाबाई डोकावली. “कंपनीचे साहेब हायेत,” सरूबाई तिला सांगू लागल्या. “इतक्या दिवसांत हेच एकटे आले बघ.”

वच्छलाबाईने त्याला हात जोडले. ते हात खाली घ्या, एवढंसुद्धा गयासला म्हणता आलं नाही.