ओलीचे घर

परंड्यात किल्ल्याच्या खंदकाला लागून जी गल्ली जाते, तिच्या अगदी टोकास वीरप्पा किराणेवाल्याचे जुने माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर होते. वीरप्पा वारल्याला सहा वर्षे लोटली होती. त्याची थोरली विधवा सून मथुराबाई ते घर विकून बार्शीस मुलीकडे राहावयास जाणार होती. घर विकाऊ आहे हे गावात सर्वांस ठाऊक होते, आणि ते कोणी का घेत नाही हेही सर्वांस ठाऊक होते.

मुनवर विणकर हे घर पाहावयास तिसऱ्यांदा गेला, तेव्हा त्याने बलभीम गवंड्यास सोबत नेले. बलभीमाने प्रथम मान वर केली आणि मग ती खाली आणलीच नाही.

"ही तुळई बघा. टेकू काढला तर सांजपत्तुर खाली यील. भिंतीला पोट आलंय, ते तर आंधळ्यालाबी दिसंल. माळवदावर पांढरी माती कधी टाकली होती, काकू?"

"सासरे होते तवा," मथुराबाई म्हणाली.

"म्हंजे ते माळवद न्हाय, चाळण हाय." मग एकदाचा तो खाली वाकला. "आन् ही जमीन. भर चैतात गार लागती. खंदकाची ओल हाय ही. इथं ज्वारीचं पोतं ठिवलं तर पंधरा दिसांत बुरशी धरंल. मुनवरभाई, तुमी दुसरं घर बघा."

मुनवरने हे शेवटचे वाक्य ऐकले नाही. तो उकिडवा बसून मधल्या खोलीच्या जमिनीवर तळहात ठेवून होता, आणि त्याच्या मुखावर असा संतोष पसरला होता, की जणू एखाद्या तापकऱ्याचे कपाळ निवाले असावे.

याचे कारण असे, की मुनवरचा माग खड्ड्याचा होता. अशा मागावर विणकर जमिनीशी बसतो. त्याचे पाय मांडीइतक्या खोल खड्ड्यातील पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबावयाच्या फळ्यांवर, असतात, आणि ताण्याचे सूत जमिनीपासून वीतभर उंचीवरून जाते. परंड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत ठिसूळ होते व क्षणोक्षणी तुटते. विणणाऱ्याचा अर्धा दिवस गाठी मारण्यात सरतो. परंतु खड्ड्यातून मंद गारवा वर येत राहिला, तर तेच सूत मऊ राहते आणि आडवे सूत नेणारा धोटा अडखळत नाही. तात्पर्य, बलभीमास ज्या गोष्टीचे भय वाटले, तिचाच शोध मुनवर तीन महिने करीत होता. मात्र एक अट होती. ओल असावी, पाणी झिरपू नये. पाणी साचले तर पावड्या कुजतात आणि विणकराचे गुडघे जातात. हे खणल्यावाचून कळण्यासारखे नव्हते.

हे सारे त्याने तेथेच बोलून दाखविले असते, तर पुढील मनस्ताप टळला असता. पण घेणाऱ्याने मालाची स्तुती केली की विकणाऱ्याचा भाव चढतो, हे त्याने सुताच्या बाजारात आयुष्यभर पाहिले होते. म्हणून तो हात झटकून उठला आणि काही न बोलता घरी आला.

घर म्हणजे त्याच्या बायकोच्या भावाची, गफारची, एक खोली. पूर्वीच्या घरमालकास मुलाच्या लग्नामुळे जागा हवी झाली, तेव्हापासून मुनवरचे कुटुंब तेथे होते. खोलीत शहाबादी फरशी होती. फरशी फोडून खड्डा करू द्या असे मेहुण्यास म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून मागाची लाकडे सुटी करून भिंतीला उभी केली होती. इकडे विणकरांच्या सोसायटीने कळविले होते, की ज्याचा माग चालू असेल त्याचेच नाव यादीत राहील व त्यालाच सूत मिळेल. तपासनीस ज्येष्ठाच्या आरंभी यावयाचा होता. त्या दिवशी माग उभा नसेल, तर मुनवरला जन्मभर दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसावे लागणार होते.

"काय म्हणाला बलभीम?" त्याची बायको कुलसुमबी हिने विचारले.

"घर पडंल म्हणतो."

"आन् तुमी?"

"जमीन लई चांगली हाय."

"छत पडल्यावर जमीनच राहती. मग बसा पावसात विणत." तिने आवाज उतरविला. "भावजय आज इचारत होती, ह्या लाकडाचं सरपण करायचं का म्हणून. हसत इचारलं तिनं, पर इचारलं."

मुनवरने मागाच्या लाकडांकडे पाहिले. त्यांवर कोणाची तरी ओली ओढणी वाळत होती.

"खणून बघितल्याबिगर इसार द्यायचा न्हाय," तो म्हणाला.

"मग इचारा की त्या बाईला. तोंडात काय सूत धरलंय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. मथुराबाई ओसरीवर डाळ निवडीत होती.

"काकू, इसार द्यायच्या आधी मधल्या खोलीत एक खड्डा खणून बघावा म्हणतो."

"खड्डा? कशाला?"

"बघावा म्हणतो."

"केवढा?"

"मांडीइतका खोल. दोन हात लांब. देवळीच्या कोनाड्याखाली, भितीपाशी."

मथुराबाईचे हात सुपात थांबले. "देवळीखालीच का बरं?"

"तिथं जागा ठीक वाटती," मुनवर म्हणाला. खिडकीचा उजेड तेथे पडतो आणि उजेडाशिवाय विणता येत नाही, हे त्याने पोटातच ठेवले.

"भावजींना इचारून सांगते," ती म्हणाली, आणि तिने सूप बाजूला सारले.

हे भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर श्रीमंत. एसटीच्या थांब्यापाशी त्याचे पानाचे दुकान होते. नऊ वर्षांपूर्वी हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत अनेकांनी आपापले किडूकमिडूक जमिनीत पुरले होते, आणि वीरप्पाही त्या वेळी दोन दिवस आतून कडी लावून घरात बसला होता. त्याने आत काय केले हे त्याने मरेपर्यंत सांगितले नाही. तेव्हापासून श्रीमंत या विचाराने तळमळत होता. आता एक परका मनुष्य पडके घर घ्यावयास निघतो, त्याचे छप्पर पाहत नाही, भिंत पाहत नाही, जमीन तेवढी हाताने चाचपतो, आणि नेमके देवळीखाली खणण्याची परवानगी मागतो. याहून अधिक पुरावा त्यास नको होता.

तिसऱ्या दिवशी मुनवर दाराशी आला, तेव्हा दार आतून बंद होते आणि आत कुदळीचे घाव पडत होते. पुष्कळ वेळ कडी वाजविल्यावर श्रीमंत मातीने भरलेल्या अंगाने बाहेर आला आणि उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"घर विकायचं न्हाय," तो म्हणाला.

"काल तर विकायचं होतं."

"काल आमाला ठावं नव्हतं. आज तुमच्या किरपेनं कळलं."

मुनवरच्या ध्यानात सर्व प्रकार आला. तो घाईघाईने बोलू लागला. माग, पावड्या, सूत, गारवा, देवळीजवळचा उजेड, सर्व त्याने एका दमात सांगितले. श्रीमंतने ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे ओल पाहिजे म्हणून घर घेता?"

"व्हय."

"मुनवरभाई, मी पानाच्या दुकानात बसतो. दिसभर लोकांच्या गप्पा ऐकतो. पर असली न्हाय ऐकली." त्याने दार लोटता लोटता म्हटले, "ओलच पाहिजे तर आमच्या न्हाणीत येऊन बसा."

मुनवर परतला. खरे कारण त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासून होते, परंतु दोन दिवस दडवून ठेवल्यामुळे तेच आता सबबीसारखे ऐकू येत होते. या गोष्टीचा दोष दुसऱ्या कोणास देता येत नव्हता, आणि म्हणूनच त्याचा जीव अधिक चरफडला. पुढील आठ दिवस त्याने गावातील प्रत्येक रिकामी जागा पालथी घातली. पेठेतील खोलीस खाली खडक लागला. मशिदीमागील घर एवढे कोरडे होते, की जमिनीला भेगा होत्या. वेशीजवळील घराचा मालक खड्ड्याचे नाव काढताच सावध झाला आणि देवळी कोणत्या बाजूला आहे ते पाहू लागला. श्रीमंतच्या दुकानातून गोष्ट गावभर गेली होती.

नवव्या दिवशी मथुराबाई स्वतः गफारच्या दारात आली. तिचे डोळे धुळीने लाल झाले होते.

"मुनवर, येऊन घर बघून जा. आता हाय तसं हाय."

घर होते, परंतु त्यात चालावयास जागा नव्हती. देवळीखाली कमरेइतका खड्डा होता. चुलीपाशी एक, ओसरीत एक, आणि चौथा थेट त्या पोट आलेल्या भिंतीच्या पायाशी. भिंतीवर आता वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद चीर गेली होती. तुळईस आणखी एक टेकू लागला होता. श्रीमंत मातीच्या ढिगाऱ्यावर बसला होता, आणि त्याच्यासमोर मिळालेली संपत्ती मांडलेली होती : दोन खापरे, एक गंजका नाल आणि वीरप्पाच्या दुकानातील मोडकी मापटी.

मुनवर सरळ देवळीखालच्या खड्ड्यात उतरला. त्याने तळची माती मुठीत घेऊन दाबली. मुठीचा ठसा मातीवर तसाच राहिला, परंतु बोटांमधून पाण्याचा टिपूस आला नाही. रात्रीचे पाणी तळाशी साचल्याची खूणही नव्हती. तो खड्ड्याच्या काठावर बसला, पाय आत सोडले आणि पावडी दाबावी तसा एक एक पाय दाबून पाहिला. गारवा पोटऱ्यांपर्यंत चढला.

"काकू, घर घेतो," तो म्हणाला.

श्रीमंत ताडकन उभा राहिला. "आता घेता? भीत फाटली, भुई उकरली, आत काय निघालं न्हाय, तरीबी घेता?"

"तरीबी घेतो."

"वैनी, बघितलंत? म्हंजे आपुन चुकीच्या जागी खणलं."

मुनवरने दोन्ही हातांनी डोके धरले. "श्रीमंतराव, ही माती बघा. मूठ बघा माझी. मला हेच पाहिजे होतं."

"माती कुणी इकत घेतं का?"

"भावजी, पुरे," मथुराबाई म्हणाली. "लेक बार्शीला वाट बघती. आता हे घर दुसरं कोण घेणार? तुमी घेता?"

श्रीमंत पुन्हा मातीच्या ढिगाऱ्यावर बसला. परंतु सह्या त्याच्याही लागणार होत्या. पुष्कळ विचार करून त्याने अट घातली. दस्तात लिहावे, की घरात काही निघाल्यास ते वीरप्पाच्या वारसांचे. आणि पुढे एक वर्षपर्यंत घरात कोठेही खणले जाईल, तेव्हा श्रीमंत तेथे हजर राहील. केवळ खणतानाच नव्हे. मनास येईल तेव्हा येऊन तो जमीन पाहून जाईल.

हे ऐकून मुनवर संतापाने निघून गेला. तुळईला टेकू होता, माळवदाला पांढरी माती मिळत होती, भिंत बलभीम पुन्हा उभी करू शकत होता. परंतु श्रीमंतच्या मनातील चीर कोणत्या गवंड्याने बुजवावी? स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोपुढे रोज चोर म्हणून बसावयाचे, आणि त्यासाठी वर किंमतही मोजावयाची, हा विचार त्याच्या घशाखाली उतरेना.

कुलसुमबीने सर्व ऐकून घेतले.

"म्हंजे गळकं छप्पर, फाटकी भीत, आन् वर एक माणूस," ती म्हणाली.

"न्हाय घेत मी."

"मग ज्येष्ठात तपासनिसाला काय दाखवायचं? ही ओढणी?"

मुनवर फरशीवर बसून राहिला. सहज चाळा म्हणून त्याने कांडीवरचे सूत ओढले, ते तुटले. पुन्हा ओढले, पुन्हा तुटले. तिसऱ्यांदा त्याने कांडी खाली ठेवली आणि टोपी घातली.

कचेरीसमोरच्या अर्जनविसाने श्रीमंतची अट शब्दशः लिहून घेतली. मग मुनवर म्हणाला, "आता माझं लिहा. जे हजर राहतील, त्यांनी उकरलेले सगळे खड्डे आधी आपल्या हातानं बुजवावेत, देवळीखालचा सोडून. तो मी मांडीइतका ठेवणार. त्याला जो हात लावंल, त्याचा हक्क संपला."

"हे कशापायी?" श्रीमंतने विचारले.

"मला चालायला जागा पाहिजे म्हणून."

"लिहा," मथुराबाई म्हणाली.

श्रीमंतने चार दिवसांत तीन खड्डे बुजविले. प्रत्येक टोपली तो बोटांनी चाळून मगच आत टाकीत होता. बलभीमाने फाटलेली भिंत उतरवून नव्याने रचली आणि रचताना मुनवरला चार वेळा सांगितले, की मी नको म्हणालो होतो. माळवदावर पांढरी माती पडली. देवळीखाली माग उभा राहिला, खालून गारवा आला, आणि सूत सकाळपासून दुपारपर्यंत केवळ दोनदा तुटले. श्रीमंत मात्र दुकान मुलावर सोपवून रोज येई, उंबऱ्यात बसे आणि मुनवरच्या पायांकडे पाहत राही. कुलसुमबी त्याला चहा देई, कारण घरात आलेल्यास चहा न देणे तिला जमत नसे, आणि कपबशी जरा जोरात ठेवी, कारण तेवढे तिला जमत असे.

ज्येष्ठाच्या चौथ्या दिवशी तपासनीस आला. त्याने माग पाहिला, विणलेल्या लुगड्याचा पदर हातात घेऊन पाहिला, वहीत मुनवरचे नाव लिहिले. मग त्याची दृष्टी उंबऱ्याकडे गेली.

"हे कोण? तुमचे मदतनीस का?"

"न्हाय," मुनवर म्हणाला. "हे घराबरोबर आलेत." आणि त्याने पावडी दाबली.