घिश्श्याची तोड

यात्रेला आठ दिवस उरले आणि अभिमनच्या पायाला भिंगरी लागली. धुळ्याच्या तालमीत यायचा, लंगोट कसायचा, मातीत दोन फेऱ्या मारायचा, की पुन्हा पाणी प्यायला बाहेर. चिंधा वस्ताद म्हणाले, "बाजारमा हरायेल बैल बी इतला हिंडत नही." बाकीचे गडी हसले. अभिमनला मात्र हसू येईना.

गेल्या वर्षी, सत्त्याऐंशीच्या यात्रेत, भुसावळच्या निंबाने त्याला साऱ्या शिंदखेड्यासमोर घिश्श्यावर आस्मान दाखवलं होतं. घिस्सा म्हणजे खाली गेलेल्या गड्याच्या पाठीवर चढायचं, एक हात त्याच्या लंगोटाच्या लांगेत, दुसरा मानेखाली, आणि ओढून उताणा करायचा. तेव्हापासून अभिमनला बाजारात गेलं तरी वाटे, लोक आपल्या पाठीकडेच बघताहेत. यंदा वस्तादांनी पुन्हा निंबाशीच जोड लावली होती आणि तोंडावर सांगितलं होतं, आता हरलास तर माझ्या तालमीचं नाव लावू नकोस.

म्हणून वर्षभर त्याने एकच काम केलं: घिश्श्याची तोड. जोडीला जब्बार. जब्बार धुळ्यात यंत्रमागावर कामाला होता आणि पाळीवर जाण्याआधी रोज तालमीत येई. दोघे आठ वर्षं एकाच मातीत लोळलेले. जब्बार पाठीवर चढून घिस्सा घाली, अभिमन खांदा टेकवून कंबर फिरवी आणि अलगद बाहेर येई. शंभरदा घातला तर शंभरदा सुटे.

मंगळवारी जब्बारला यायला उशीर झाला. पाचोऱ्याहून पाहुणा आलेला सुकदेव रिकामाच उभा होता. वस्तादांनी त्याला अभिमनच्या पाठीवर बसवलं. अभिमनने खांदा टेकवला, कंबर फिरवली. सुकदेव हललासुद्धा नाही. अभिमन उताणा. पुन्हा धरला, पुन्हा उताणा. तिसऱ्यांदा उठला तेव्हा जब्बार दारात उभा होता आणि खाली बघत होता. अभिमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"जब्बार, तू माले सोडी देस?"

जब्बार आत येऊन मातीच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मी नही सोडत भो, हातच ढिला पडस. पोळाना येळे घिस्सा घाला तवय तुनी मान कडकन वाजनी व्हती ना? तू दोन मिन्ट हालना नही. माले वाटनं, मी मारी टाकं तुले. तवयपाईन हात धजत नही."

अभिमनला वाटलं, याच्या कानाखाली जाळ काढावा. अशी माया वैऱ्यानेही करू नये! पोळ्यापासूनची सगळी मेहनत पाण्यात, आणि वर हा भोळा चेहरा. पण ती दोन मिनिटं त्यालाही आठवली. डोळे उघडले तेव्हा जब्बारचं रडवेलं तोंड त्याच्यावर ओणवलं होतं, आणि त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. राग धरायचा म्हटला तरी धरवेना.

"आते सोडशी त यात्रामा निंबा मनी मान मोडी," तो म्हणाला. "त्यापेक्षा तू मोड. धर."

जब्बारने धरलं. बुधवारी धरलं, गुरुवारी धरलं. अभिमन रोज उताणा पडे, मातीवर हात आपटून उठे आणि घरी जाऊन भाकरी अर्धी टाकून अंगणात येरझाऱ्या घाली. शुक्रवारी वस्तादांनीही बोलणं सोडलं. यात्रा रविवारी होती.

शनिवारी सकाळी जब्बारने असा घिस्सा घातला की अभिमनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने खांदा टेकवला, श्वास सोडला, आणि आजवर फिरवी त्याच्या उलट्या अंगाने कंबर फिरवली. काहीतरी निसटलं आणि तो बाहेर होता. जब्बारच्या पाठीवर होता!

पण आनंद एका क्षणाचा. लगेच संशय त्याला डसला. तो ओरडलाच, "सोडं ना तू? आज बी सोडं ना?"

जब्बार कण्हत बाजूला सरकला आणि उजवा हात काखेतून बाहेर काढून त्याने समोर धरला. लांगेच्या पिळात अडकलेला अंगठा सांध्यातून निखळून भलतीकडेच वळला होता. याच अंगठ्याने तो मागावर दिवसभर तुटलेले धागे गाठायचा.

अभिमन तो हात दोन्ही हातांत घेऊन, सगळ्या तालमीसमोर, लहान मुलासारखा रडायला लागला.

"रडस कसाले?" जब्बार कळ सोसत हसला. "देखी ले, नही सोडं मी."