कॉफीच्या घराची चौकशी

भिमाजीआबांनी आजवर चार घरं नाकारली होती. पहिल्या घरचा माणूस कॉफीला बघायला आला तो फोनवर बोलतच आला आणि बोलतच गेला. दुसऱ्या घरच्या बाईंनी पायरीवरूनच विचारलं, केस फार गळतात का. तिसरं जोडपं तरुण होतं, हसरं होतं, पण त्यांनी कुत्रीला हात लावायच्या आधी तिच्याबरोबर फोटो काढले. चौथ्या घरात मात्र खोट सापडेना. आबांनी दोन दिवस विचार केला आणि मग सांगितलं, त्यांचं फाटक थेट हायवेवर उघडतं. नात अनुपमा गाडी काढून बघून आली. फाटक बंद बोळात उघडत होतं.

"बोळातनंबी हायवेवर जाता येतंच की," आबा म्हणाले.

वास्तविक कॉफी त्यांच्याकडे पंधरा दिवसांसाठी आली होती. अनुपमा सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटीला होती आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये कामाला जायची. तिथं पिंजरे कमी, जनावरं जास्त. म्हणून कायमचं घर मिळेपर्यंत एखादं कुत्रं, एखादं मांजर लोकांनी आपल्या घरी सांभाळायचं, असा तिथला रिवाज. अनुपमानं शिरूरच्या घरी ही तपकिरी, एक कान फाटलेली कुत्री आणली तेव्हा आबांनी पहिला आक्षेप नावावर घेतला. कुत्रीला कॉफी म्हणायचं तर मग म्हशीला काय चहा म्हणायचं? आठवड्याभरात मात्र तेच दारात उभे राहून "कॉफे, ये कॉफे" करायला लागले, आणि शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

कॉफी याआधी दोन घरांतून परत आलेली होती. एका घरात ती भुंकते म्हणून, दुसऱ्या घरात ती भुंकत नाही म्हणून. माणसाचा आवाज चढला की ती कॉटखाली जाऊन बसायची आणि पाणीसुद्धा घ्यायची नाही. शेल्टरच्या बाईंनी ठरवलं होतं, तिसऱ्यांदा परत आली तर तिला पुन्हा कुणाच्या घरी द्यायची नाही. मग जन्मभर पिंजरा. हे ऐकल्यापासून आबांची झोप उडाली होती.

"मग आपल्यातच राहू द्या की तिला," असं सोजराबाई, म्हणजे आबांची बायको, एकदा म्हणाली. आबांचं तोंड एकदम उजळलं. पण अनुपमानं हात जोडले. शेल्टरमध्ये अजून सहा जनावरं अशाच घराची वाट बघत होती. ही इथंच राहिली तर पुढचीला जागा कुठली?

"आबा, आपलं घर थांबा हाय. डेपो न्हाई."

आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याच भाषेत सांगितल्यावर त्यांना ते मानावंच लागलं.

अशात पाचवा अर्ज आला पाटसहून. मुलाचं नाव स्वराज, कारखान्यात फिटर. त्यानं घराचे, अंगणाचे, मागच्या चिंचेचे फोटो पाठवले होते. अनुपमाला घर पसंत पडलं. आबांनी फोटो चष्मा वर करून पाहिले, चष्मा खाली करून पाहिले आणि म्हणाले, "फोटूत सगळ्यांचं अंगण झाडलेलंच असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेपोच्या कँटीनला गेले. तिथं त्यांचा रोजचाच चहा असायचा. दौंडच्या फेरीवरची कंडक्टर करिश्मा तिकिटाचं मशीन टेबलावर ठेवून वडापाव खात होती. तिची गाडी पाटसवरून जायची. आबा तिच्यासमोर बसले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले की पाटसला अमुक एक घर आहे, त्याची जरा माहिती काढायची. घरात भांडणतंटा असतो का. कुणी पितं का. पोरगा तापट तर नाही ना. दिवसा घरात बाईमाणूस असतं का. दारी आलेल्याला हाडतूड करतात का. आणि हो, माझं नाव कुठं काढू नकोस.

कशासाठी, ते आबांनी सांगितलं नाही. अख्खी हयात गाडीवर काढलेला माणूस कुत्रीसाठी घर शोधतो म्हटल्यावर डेपोत त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

करिश्मानंही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आबांची पंचविशीची नात साऱ्या डेपोला माहीत होती. करिश्माच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिच्या चुलत्यानं अशीच, अशाच दबक्या आवाजात माहिती काढली होती. पोरगी चांगली आहे, आबा चांगले आहेत, होत असेल तर होऊ दे, म्हणून तिनं मनापासून काम केलं. पाटसच्या स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं. त्यांनी साहजिकच उलटं विचारलं, चौकशी कुणाची? पहिला कप संपायच्या आत आबांचं नाव, नातीचं शिक्षण आणि सणसवाडीची कंपनी पाटसला पोहोचली.

आठ दिवस रोज परतीच्या फेरीला आबांना बातमी मिळत गेली. घर चांगलं. पिणारं कुणी नाही. पोरगा कमी बोलतो. आजोबा अंथरुणावर होते तेव्हा दोन वर्षं त्यानंच त्यांचं सगळं केलं. आई सुलक्षणाबाई बोलायला फटकळ, पण दारातून कुणी उपाशी जात नाही. आबा प्रत्येक बातमीनं थोडे खूश आणि थोडे खट्टू होत होते. शेवटी करिश्मानं सांगितलं की सतीश म्हणून मुलाचा एक मामा आहे, त्याचं घरात फार येणंजाणं, आणि तो बोलायला लागला की थांबत नाही.

"किती येळ?" आबांनी आशेनं विचारलं.

त्याच आठवड्यात दुसरीच गंमत झाली. डेपोतल्या कंट्रोलरनं आबांना गाठून सांगितलं की पाटसहून कुणाचा तरी फोन आला होता, भिमाजी माणूस कसा, घर कसं, वळण कसं, विचारत होते. गल्लीतल्या किराणावाल्यालाही कुणी तरी विचारून गेलं होतं. कंट्रोलर मिश्कील हसला. आबांना ते हसू दिसलं, पण कळलं नाही. त्यांचा ऊर भरून आला. आजवरच्या चौघांनी केस विचारले, दात विचारले, सुया टोचल्यात का विचारलं. कुत्री कुठल्या घरात राहिली, कुणाच्या हातची भाकरी खाऊन राहिली, हे विचारणारी ही पहिलीच माणसं.

"ह्याला म्हणत्यात खानदानी," त्यांनी घरी येऊन सोजराबाईला सांगितलं, आणि येत्या रविवारी बघायला बोलव म्हणून अनुपमाला सांगून टाकलं.

रविवारी सकाळी दारात बोलेरो थांबली आणि आतून नऊ माणसं उतरली. दोन म्हाताऱ्या, तीन बाया ठेवणीतल्या साड्या नेसून, पेढ्यांचा बॉक्स, नारळ, आणि सर्वांत शेवटी फेटा बांधलेले सतीशमामा. स्वराज एकटा साध्या शर्टात होता आणि त्याच्या हातात नवाकोरा कुत्र्याचा पट्टा होता. इतकी मंडळी का निघाली हे त्याला घरून निघताना समजलं नव्हतं. त्यानं घरात मोघम सांगितलं होतं, रविवारी शिरूरला बघायला जायचंय, नंतर सविस्तर सांगतो. त्यावर आई म्हणाली होती, आम्हाला सगळं कळलंय, आम्हीपण येतो. कुत्री म्हटल्यावर आई चिडेल अशी त्याला धास्ती होती. ती इतक्या आनंदानं तयार झाली म्हणून तो बिचारा गप्प बसला होता.

आबा मात्र गहिवरले. सोजराबाईनं चार माणसांचे पोहे केले होते, त्यात आणखी कांदा चिरायला घेतला. कॉफी एवढे पाय बघून कॉटखाली गेली. अनुपमा शेल्टरचा टी-शर्ट घालून, अंगभर केस आणि हातात कॉफीची फाईल घेऊन बाहेर आली, तशी नऊच्या नऊ माणसं तिच्याकडे पाहायला लागली.

सुलक्षणाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. शिक्षण विचारलं, पगार नाही विचारला, कंपनीची बस कुठून मिळते ते विचारलं. मग मायेनं म्हणाल्या, "नोकरी पुढंबी करायची म्हणतीस का? आमची काय ना न्हाई."

"पुढं म्हंजी कशाच्या पुढं?" अनुपमानं विचारलं.

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. सतीशमामांनी फेटा सावरला. आतल्या कढईत मोहरी तडतडली. स्वराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो हातातल्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "आई, मी कुत्री बघायला आलोय."

मग व्हायचं ते झालं. सुलक्षणाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग बाया उभ्या राहिल्या, पेढ्यांचा बॉक्स परत पिशवीत गेला. सतीशमामांना वाचा फुटली. आपण फेटा कसा बांधला, कुणाकडून बांधून घेतला, रस्त्यानं कुणाकुणाला काय सांगत आलो, हे सगळं ते भिंतीला ऐकवायला लागले. अनुपमा आबांकडे बघत होती. ते बघणं आबांनी टाळलं.

खरं सांगायचं तर त्या घटकेला आबांच्या पोटात बारीकशी गुदगुली झाली होती. पाचवं घर आपोआप मोडत होतं. दोष कुणाचा म्हणणार? आता माणसं रागावून जातील, आणि कॉफी आणखी महिनाभर तरी कॉटखाली राहील.

कॉटखाली म्हणून त्यांनी सहज तिकडं पाहिलं. एवढ्या गलक्यात स्वराज जमिनीवर जाऊन बसला होता. कॉटकडे पाठ करून. तो तिला हाक मारत नव्हता, बिस्कीट दाखवत नव्हता, वाकून बघतही नव्हता. नुसता बसला होता, जसं आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसं. मामांचा आवाज आणखी चढला तेव्हा तो थोडा मागं सरकला, कॉफीच्या आणि आवाजाच्या मध्ये येईल असा.

आबांची गुदगुली थांबली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ताई, बसा," ते म्हणाले. "चूक माझी हाय. चौकशी मीच लावली, पर कशापायी ते सांगायची लाज वाटली. ही कुत्री दोन घरांतनं परत आलीया. तिसऱ्यांदा आली तर तिला कोण विचारणार न्हाई. म्हणून मी तुमचं घर पारखून घेतलं. पोरीचं घर पारखत्यात तसं."

सुलक्षणाबाई दारापर्यंत गेल्या होत्या. चप्पल अर्धी पायात होती. तिथंच थांबून त्यांनी विचारलं, "मग काय कळलं आमचं?"

"सांगतो की. बसा तरी."

त्या बसल्या. आबांनी एकेक करून सगळं सांगितलं. गिरणीवाला काय म्हणाला, चहावाला काय म्हणाला, दारातून कुणी उपाशी जात नाही ते कोण म्हणालं. सुलक्षणाबाई मान खाली घालून ऐकत होत्या आणि मधूनच, कोण, गिरणीवाला म्हणाला व्हय, असं पुन्हा वदवून घेत होत्या. फटकळपणाचा भाग आबांनी गाळला. सतीशमामांनी दोनदा खाकरून स्वतःविषयी विचारलं, तेव्हा मामांबद्दल विशेष काही समजलं नाही असं आबांनी गंभीरपणे सांगितलं.

"आमीबी तुमची चौकशी केली," सगळं ऐकून झाल्यावर सुलक्षणाबाई म्हणाल्या. "माणूस सरळ हाय म्हणाले. पर हातात आलेली वस्तू सोडवत न्हाई त्याला. रिटायर झाल्यावर तिकिटं टोचायचा पंच सहा महिने परत दिला न्हवता म्हणं."

"दीड वर्स," आतून सोजराबाई म्हणाली.

सगळी खोली हसली. आबांनीही हसून घेतलं, पण कानशिलं गरम झाली. पट्टा स्वराजच्या हातात होता आणि सगळे आबांकडे पाहत होते.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या पोरानं तुम्हाला इचारलेलं न्हाई, ते मला दिसतंय. न्हाई म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा, मला राग न्हाई. पर नेऊन परत आणू नका."

सुलक्षणाबाईंनी पोराच्या पाठीकडे पाहिलं. त्याच्या पाठीला टेकून आता एक तपकिरी नाक कॉटच्या बाहेर आलं होतं.

"परत आणायला एवढ्या लांब कोण येतंय," त्या म्हणाल्या. "खाती काय ही?"

अनुपमानं फाईल उघडली. पोहे झाले, पेढे पिशवीतून पुन्हा बाहेर आले, सह्या झाल्या. निघताना बोलेरोत माणसं नऊ आणि वर कॉफी. तिला दाटीवाटीत बसवायचं नाही असं फाईलमध्ये लिहिलेलं होतं. सतीशमामा आपण होऊन एसटीनं येतो म्हणाले, म्हणजे तसं त्यांना सांगण्यात आलं. रिकाम्या झालेल्या जागेवर आबाच जाऊन बसले. अंगण तेवढं डोळ्यांनी बघून येतो, संध्याकाळच्या गाडीनं परत, असं त्यांनी जाहीर केलं. अनुपमानं काही म्हणायला तोंड उघडलं, पण सोजराबाईनं तिचा दंड धरला.

वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत कॉफी थरथरत होती. आबा तिच्या पाठीवर हात ठेवून होते. पुढं कधीतरी ती उठली, तिनं जागा चाचपली आणि सुलक्षणाबाईंच्या ठेवणीतल्या साडीवर हनुवटी टेकून झोपली. सुलक्षणाबाई तेव्हा मागच्या म्हातारीशी उसाच्या तोडीवरून मोठ्यानं बोलत होत्या. त्यांनी खाली पाहिलं आणि तेच बोलणं हळू आवाजात पुढं चालू ठेवलं. निऱ्यांवर लाळ सांडली होती, ती पुसली नाही.

पाटसच्या अलीकडं, चौफुल्याला आबांनी गाडी थांबवायला सांगितली.

"अवो, अंगण राहिलं की बघायचं," सुलक्षणाबाई कुजबुजल्या.

शिरूरची गाडी आत्ता मिळते, पुढं गर्दी होते, असं काहीतरी आबा म्हणाले. कॉफीनं एक डोळा उघडला. आबांनी तिच्याकडे न बघता दार आवाज न करता लावलं, आणि बोलेरो पाटसच्या दिशेनं दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग त्यांनी घरी फोन लावला.

"पोचला व्हय?" सोजराबाईनं विचारलं. "कसं हाय अंगण?"

"झ्याक हाय," आबा म्हणाले. "ऐसपैस. चिंच हाय मोठी, सावली हाय. फाटकबी नीट लागतंय."

आबांच्या मागं रसवंतीचा चरक फिरत होता आणि त्याच्या घुंगरांची खुळखुळ पलीकडं सोजराबाईला ऐकू येत होती.

"आन् अंगणात रसवंतीबी हाय म्हणा की," ती म्हणाली. "एक गिलास प्या आन् या घरी."