दोन वाजून तेरा मिनिटं

"चौदा-बारा आज दिसत नाही?" गिरिधर पांढरीपांडेनं फायर स्टेशनच्या फाटकाशी एक पाय जमिनीला टेकवून सायकल थांबवली.

लहानू मेश्राम दुसऱ्याच बंबाची पितळी घंटा चिंचेनं घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"वर्कशॉपात नेली तिले. पट्टा बदलून राहिले. दुपारपावतर येते."

"कोणता पट्टा? फॅनचा?"

"फॅनचाच. तुमाले काहून पाहिजे बाबूजी? तुमी का चालवणार हाय तिले?"

गिरिधर हसला. सदऱ्याच्या खिशातून छोटी वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं : १४१२, फॅनचा पट्टा, वर्कशॉप. मग घड्याळ पाहून तो ऑफिसकडे निघाला.

महालातल्या घरून सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात जायला फायर स्टेशनवरून जावं लागत नव्हतं. दीड मैलाचा वळसा पडायचा. तो वळसा गिरिधर गेली दहा वर्षं रोज घालत होता. शहरात तेव्हा आगीचे पाच बंब होते आणि पाचही त्याला नंबरानं ठाऊक होते. कोणता कोणत्या साली आला, कोणाच्या टाकीत किती पाणी मावतं, कोणाची शिडी लाकडी, कोणाला रंग कधी दिला. शहरात लोकांना कबुतरांचे नाद होते, तिकिटं जमवण्याचे होते. याला बंबांचा होता. कधी लागला, ते त्याला सांगता आलं नसतं. ऑफिसात तो रेकॉर्ड कारकून. दिवसभर जुन्या फायली शोधायच्या, द्यायच्या, परत लावायच्या. त्या फायलींपैकी एकीतही काय लिहिलंय हे त्याला कधी वाचावंसं वाटलं नाही.

हा नाद दोघांनाच माहीत होता. एक त्याची बायको सुमती आणि दुसरा लहानू. ऑफिसात त्यानं चकार शब्द काढला नव्हता. अडतीस वर्षांचा माणूस बंब पाहत फिरतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

लहानू त्याच्याच वयाचा, राहायला इंदोऱ्याच्या वस्तीत. छप्पन साली त्यानं आई-वडिलांसोबत दीक्षा घेतली होती. दसऱ्याला स्टेशनातले बाकीचे लोक गाड्यांना झेंडूचे हार घालत, तेव्हा हा पहाटेच गाडी लख्ख धुऊन दीक्षाभूमीकडे निघालेला असे. "हार तुमी घाला, धुणं माह्याकडं," म्हणायचा. चौदा-बारा तोच चालवायचा. गल्लीत वळवताना दोन्हीकडे चार-चार बोटं जागा राहील इतकी अचूक. एका रविवारी त्यानं गिरिधरला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं होतं. गाडी उभीच होती. गिरिधर स्टिअरिंगवर हात ठेवून पाच मिनिटं बसला आणि खाली उतरला. कसं वाटलं, ते लहानूनं विचारलं नाही. त्या दिवसापासून दोघांत मैत्री म्हणावी असं काहीतरी झालं.

सहासष्टच्या मे महिन्यात चौदा-बाराला नवा रंग दिला. ती रंगून आल्याचं कळलं आणि गिरिधरला संध्याकाळपर्यंत धीर निघेना. दुपारी दीड वाजता त्यानं ऑफिसच्या हालचाल रजिस्टरमध्ये 'ट्रेझरी' असं लिहिलं, बगलेत एक फाइल मारली आणि सायकल काढली. असं तो पूर्वीही करत असे. मागच्या वर्षी जागेवर न सापडल्याबद्दल त्याला एक मेमोही मिळाला होता.

फायर स्टेशनसमोर इंदूबाईची चहाची टपरी होती. तिच्या ताडपत्रीच्या सावलीत तो उभा राहिला. गाडी फाटकाच्या आत उभी होती, नव्या रंगावर उन्हात नजर ठरत नव्हती. पलीकडे कडुनिंबाखाली लहानू जेवायला बसला होता. त्याची बायको भीमाबाई डबा घेऊन आली होती, समोर बसून पदरानं वारा घालत होती.

आत टेलिफोन वाजला. लगेच घंटा झाली. लहानूनं हातातला घास डब्यात टाकला आणि तसाच धावला. हात धुवायला थांबला नाही, चप्पलही राहिली. गिरिधरनं सवयीनं घड्याळ पाहिलं. घंटा दोन वाजून बारा मिनिटांनी. गाडी फाटकाबाहेर दोन वाजून तेरा मिनिटांनी. वळण घेताना लहानूची नजर टपरीकडे गेली आणि त्यानं हनुवटी किंचित वर केली. नवा रंग पाहिला का, असं विचारल्यासारखी.

गिरिधर मागोमाग सायकल हाणत इतवारीत पोचला तेव्हा अडीच वाजले होते. भैयाजी नावाच्या ठोक व्यापाऱ्याचं कापडाचं गोदाम पेटलं होतं. पाण्याचा मारा सुरू होता. गर्दीतून वाट काढताना गिरिधर दोन हातगाड्यांना अडखळला. गोदामापासून वीस-पंचवीस पावलांवर त्या उभ्या होत्या. वर कापडाचे गठ्ठे शिगोशीग रचलेले, दोरांनी आवळून बांधलेले. त्यांवर पाण्याचा थेंब नव्हता, काजळीही नव्हती. एवढी बांधाबांध दहा मिनिटांत होत नाही, आधी माल काढला आणि मग फोन केला असणार, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तेही वहीत लिहिलं.

आग विझल्यावर माळ्यावर दोन हमाल मरून पडलेले सापडले. दुपारचे निजले होते. त्यांना कोणी उठवलंच नव्हतं.

चौकशी लागली. भैयाजीनं सांगितलं, मी पावणेदोनलाच फोन केला, बंब अर्ध्या तासानं निघाला, ड्रायव्हर बायकोसोबत झाडाखाली जेवत बसला होता. बसला होता, एवढं खरंच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या दोघा-तिघांनी पाहिलंही होतं.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी लहानू गिरिधरच्या घरी आला. पहिल्यांदाच. गिरिधर दारात आला.

"वर ये ना."

"इथंच बरं हाय, बाबूजी." तो पायरीखालीच उभा राहिला. "तुमची ते वही हाय ना?"

"आहे."

"तिच्यात इतवारीची आग लिहिली असन. मी कितीले निघालो ते. आमच्या स्टेशनचं बुक ते लोक मानत नाही. म्हणते, मागून लिहिलं. माह्या सोबतचे बोलले, तर म्हणते, हे सारे एकमेकाचेच. बायको सांगाले तयार हाय, तर म्हणते, ते बायकोच हाय. बाहेरचा माणूस पाहिजे म्हणते. तुमी एकदा येऊन वही दाखवली असती, तर झालं असतं."

गिरिधरच्या डोळ्यांपुढे हालचाल रजिस्टर आलं. 'ट्रेझरी' हा शब्द त्याच्याच अक्षरात होता. हेडक्लार्कची जागा दिवाळीत रिकामी होणार होती आणि यादीत पहिलं नाव त्याचं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की चौकशीच्या साहेबापुढे उभं राहून आपण तिथे कशाला गेलो होतो ते सांगावं लागणार होतं.

"त्या दिवशी मी ऑफिसात होतो, लहानू," तो म्हणाला. "मस्टरवर सही आहे माझी."

लहानूनं त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं गिरिधरला पुढे पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

"असन," लहानू म्हणाला. "मग मले दुसराच कोणी दिसला असन. उन्हात होते कधी कधी तसं."

"पाणी तरी घे."

"नाही, जातो. ड्युटी हाय."

तो गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा झाला. मागे सुमती उभी होती. तिच्या हातात पाण्याचा गडू होता.

"तुम्ही तर होते ना तिथं?" ती म्हणाली. "मला सांगितलं होतं तुम्ही. खरकट्या हातानं स्टिअरिंग धरलं त्यानं म्हणून."

"हो."

"मग काहून असं सांगितलं?"

"एक मेमो आधीच आहे. दुसरा मिळाला की जागा गेली. आणि काय सांगू मी साहेबाला? बंब पाहायला गेलो होतो म्हणून?"

सुमती गडू आत ठेवायला जाता जाता एवढंच म्हणाली, "सांगायचं. त्यात काय आहे."

चौकशीपुढे जे आलं होतं त्यावरून निकाल लागला. लहानूला नोकरीवरून काढलं नाही, पण बंबावरून काढलं. रस्त्याच्या रोलरवर टाकलं. दिवाळीनंतर गिरिधर हेडक्लार्क झाला. त्यानं सुमतीसाठी सीताबर्डीवरून साडी आणली. तिनं ती घडीसुद्धा न मोडता पेटीत ठेवली. फायर स्टेशनवरून जायचं त्यानं सोडून दिलं होतं. आता तो सरळ रस्त्यानं ऑफिसात जाई आणि पंधरा मिनिटं आधी पोचे.

एकाहत्तर साली महालात डांबरीकरण निघालं. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी रोलर धडधडत होता आणि वर लहानू बसला होता. केस पांढरे झाले होते. गिरिधरला मागे वळता आलं नाही. लहानूनं रोलर थांबवला.

"नमस्कार, बाबूजी. बरं चाललं ना?"

"बरं आहे. तुझं?"

"हे काय, चालून राहिलं. याले घाई नाही." त्यानं रोलरच्या चाकाकडे हात केला. "तिकडं येत नाही म्हणते तुमी. इंदूबाई बाजारात भेटली तर सांगत होती."

"वेळ नाही मिळत."

"नवी गाडी आली म्हणते. सायरनची. घंटाच नाही तिले. मी नाही जात तिकडं. पाय नाही होत. तुमी पाहून या आन् मले सांगा कशी हाय ते. तुमाले बराबर सांगता येते."

गिरिधर हो म्हणाला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी तो गेला. नवी गाडी पाहिली. पाच वर्षांनी वही उघडली आणि दोन पानं भरून लिहिलं. टाकी, पंप, शिडी, सायरनची जागा, सगळं. दुसऱ्या दिवशी पानं घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी आला, तर काम संपलं होतं. रस्ता काळाभोर, गुळगुळीत झाला होता. रोलर कोणत्या वस्तीत नेला, हे तिथल्या मजुरांना सांगता आलं नाही आणि गिरिधरनंही आणखी कोणाला विचारलं नाही.

शहाऐंशी साली तो निवृत्त झाला. सत्कारात साहेब म्हणाले, पांढरीपांडेंच्या रेकॉर्डमध्ये वीस वर्षांत एक चूक सापडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन हार खुंटीला लावताना गिरिधर सुमतीला म्हणाला, "मी उद्या इंदोऱ्याला जाऊन येतो."

"जा," ती म्हणाली. तिनं कोणाकडे ते विचारलं नाही.

विचारत विचारत तो लहानूच्या घरी पोचला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. दोन खोल्यांचं घर, समोर सारवलेलं अंगण. भीमाबाई दारात गहू निवडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"तुमी ते सायकलवाले बाबू."

"हो. लहानू आहे का?"

"ते वारले. चार वर्षं झाले." तिनं सूप बाजूला केलं. "बसा."

आतून तिनं लोखंडी खुर्ची आणून दिली. गिरिधर बसला. काय बोलावं ते तो वाटेत ठरवून आला होता, पण ते सगळं लहानूशी बोलायचं होतं. त्यानं पिशवीतून सहासष्टची वही काढली. पानं पिवळी पडली होती.

"मी त्या दिवशी तिथं होतो, बाई," तो म्हणाला. "समोरच. टपरीजवळ. मी खोटं बोललो त्याच्याशी. हे सगळं यात लिहिलेलं आहे." आणि त्यानं वाचून दाखवलं. घंटा दोन वाजून बारा. गाडी बाहेर दोन वाजून तेरा. हातगाड्यांवर गठ्ठे, कोरडे, बांधलेले.

भीमाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे का?" तिनं विचारलं.

"म्हणजे त्यानं उशीर केला नव्हता. घंटा झाल्यावर एका मिनिटात गाडी निघाली होती."

"ते तर मले माहीतच होतं," ती म्हणाली. "मी होती ना तिथं."

गिरिधर वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझ्याबद्दल काही बोलायचा का तो?"

"बोलत होते ना. म्हणत, त्या माणसाले गाडी समजते."

"आणि त्या रविवारचं?"

"कोणत्या रविवारचं?"

तिला ठाऊकच नव्हतं. लहानू महालात आला होता, पायरीखाली उभा राहिला होता, हे त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. गिरिधरनं ते सांगायला तोंड उघडलं, पण न सांगताच वही मिटली. भीमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

त्यानं वही तिच्यापुढे धरली. "ही तुमच्याकडे राहू द्या."

"मी का करू इचं? मले वाचता नाही येत." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. "तुमची हाय. तुमीच ठेवा."

अंगणाच्या कोपऱ्यातला नळ खरखरला, हवा सोडू लागला. भीमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नळ आला. तासभरच राहते. बसा तुमी, च्या मांडते मग."

तिनं बादली लावली. भरल्यावर उचलताना बादली कलली, थोडं पाणी सांडलं. गिरिधर घाईनं उठला, पुढे झाला आणि बादलीच्या कडीला हात घातला.

"राहू द्या, बाबू," भीमाबाई म्हणाली. तिनं कडी आपल्याकडे घेतली. "सवय हाय मले."

ती बादली घेऊन आत गेली. गिरिधर नळाशी उभा राहिला.