शंभरातले बावन्न

चिमाजीकाकांनी ड्रिल मशीन बंद करून मागे पाहिलं, तर दारात जयमाला उभी होती.

“अगं, तू हितं कशी?” हात पुसायला चिंधी शोधत ते म्हणाले.

चाकणच्या या वर्कशॉपमध्ये ते आता पगारावर होते. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप दिवाळीनंतर जळालं. विमा होता. पण आत रंगाचे डबे ठेवल्याचं आधी कळवलं नव्हतं, एवढ्यावरून कंपनीने दावा फेटाळला. जयमालाला हे काल वडिलांकडून कळलं. ते आणि काका बालमित्र.

ती कंपनी तिनेच सुचवली होती. शेअर बाजारासाठी विमा कंपन्यांची किंमत काढणं हेच तिचं काम. हप्त्यांच्या शंभर रुपयांतले दाव्यांपायी किती जातात, हे ती आधी पाही. इतरांचे सत्तर-पंचाहत्तर जात. या कंपनीचे बावन्न. ‘भक्कम कारभार’ असं अहवालात लिहून तिने शेअरची किंमत चढी धरली होती. काकांनी विचारलं तेव्हा तेच नाव तोंडात आलं. बावन्नच का, बाकीचे कुणाचे दावे फेटाळून वाचतात, हे तिने खोदून पाहिलं नव्हतं.

“काका, विमा लोकपालाकडे जाता येईल. मी अर्ज लिहून देते.”

“वकिलाकडनं लिवून दिलाय. व्हईल तवा व्हईल. तू कशाला जिवाला लावून घेतीस? कंपनी बुडाली तर न्हाई ना? तू भक्कम म्हनली व्हतीस, ती हायेच भक्कम.”

त्यांच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. जयमाला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तेवढ्यात वर्कशॉपचा तरुण मालक, रविराज, केबिनमधून बाहेर आला.

“शेठ, ही आमची जयमाला,” काका उत्साहाने म्हणाले. “विमा कंपन्यांची नाडी हिच्या हातात. तुमचा विमा संपत आलाय न्हवं? हिलाच इचारा.”

“अरे वा! मग सांगा ना मॅडम, कुठली कंपनी घेऊ?”

काका कौतुकाने तिच्याकडे पाहत होते. बाहेरून एक कंटेनर गेला, पत्रे थरथरले. तिने बोटाची ओढणी सोडली.

“मला कंपनीची किंमत काढता येते,” ती म्हणाली. “जळाल्यावर ती पैसे देईल का, ते मला नाही सांगता येत.”

रविराज हसला. त्याला तो विनय वाटला असावा.

काका हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं.

“बस जरा,” ते हळू आवाजात म्हणाले.