अठरावी ओळ

वैशाख होता आणि भुसावळ होतं. म्हणजे दोन निखारे एकाच शेगडीत होते. सकाळचे सहा वाजले होते. पूर्वेला सूर्य उगवला नव्हता, उगारला गेला होता. केळीच्या बागा अंग चोरून उभ्या होत्या, यार्डातले रूळ आत्तापासूनच पात्यासारखे लखलखत होते, आणि इंजिनाच्या भोंग्याचा दीर्घ, धूसर, तप्त सूर गावावरून असा चालला होता, जणू कुणीतरी कुणालातरी जन्माचा शाप देऊन निवांतपणे चहाला निघालं आहे.

तो सूर जिथे विरायचा तिथे, गुड्सशेडच्या मागे, लोहमित्र व्यायामशाळा होती. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, एक बेंच, एक रॉड आणि दोन माणसं. बाकीचं गाव जामनेर रोडवरच्या, आरसे आणि गार वारा असलेल्या जिमकडे केव्हाच निघून गेलं होतं. इथे मागे उरलं होतं लोखंड, उरला होता घाम, उरलं होतं वैर. लोखंडाला गंज चढला होता. घाम वाळत होता. वैर तेवढं रोज पुसून, रोज तेल लावून चकचकीत ठेवलेलं होतं.

प्रल्हाद नारखेडे एकोणपन्नास वर्षांचा, पार्सल ऑफिसातला कारकून. दिवसभर लोकांच्या केळ्यांचं वजन लिहायचं आणि पहाटे स्वतःचं वजन आजमावायचं, एवढाच त्याचा प्रपंच. घरचे त्याला प्रपंच म्हणत नसत. वामनराव फेगडे साठीचे, लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, घुमटासारख्या छातीचे आणि घुमटाइतकंच बोलणारे. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. त्या दोन बोटांच्या सलामागे दुसरी दोन बोटं होती, आणि ती प्रल्हादची होती.

लोहमित्रचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते, म्हणून ते मोडतही नसत. ऐंशी किलोच्या वर बेंच मारायची, म्हणजे आडवं होऊन रॉड छातीवरून उचलायचा, तर उशाला माणूस हवा. आणि हजर असलेल्यांत जो जुना सभासद, तोच हवा. त्याने रॉडकडे पाहायचं, रॉडला लागायचं नाही. खालचा माणूस तोंडाने ‘धर’ म्हणेल तेव्हाच हात लावायचा. आणि लागलेलं बोट, मागितलेलं असो वा न मागितलेलं, त्या उचलण्याला बाटवतं. ज्याचे शंभर किलो निष्कलंक निघतील त्याचं नाव उशाच्या माणसाने स्वतःच्या हाताने गेरूने भिंतीवर लिहायचं.

भिंतीवर सतरा नावं होती. गेरूरक्त, धूळधूसर, धीरगंभीर सतरा ओळी. अठराव्या ओळीवर एक ठिपका होता.

तो ठिपका अकरा वर्षांचा होता. त्या वैशाखात बाकीचे सगळे सभासद सावद्याला एका लग्नाच्या पंगतीत बसलेले, आणि वामनराव मात्र बेंचवर आडवे, एकोणपन्नासाव्या वर्षी, आयुष्यातल्या पहिल्या शंभराखाली. उशाला प्रल्हाद. उत्साहाच्या भरात त्याने आधीच गेरू कालवला होता, कुंचला बुडवला होता, वामनरावांच्या नावाच्या पहिल्या अक्षरासाठी अठराव्या ओळीवर टेकवलाही होता. मग रॉड खाली आला, छातीला लागला, वर निघाला, आणि अर्ध्यात थबकला. एक क्षण. दोन क्षण. वामनरावांच्या मानेच्या शिरा वडाच्या पारंब्यांसारख्या फुगल्या. प्रल्हादचं काळीज कळवळलं, आणि त्याची दोन बोटं कळवळ्याच्याच वेगाने रॉडखाली गेली.

रॉड वर गेला. फुलासारखा गेला. बाटून गेला.

“मी ‘धर’ म्हणालो होतो का?” वामनरावांनी आडव्यानेच विचारलं. “चालला होता तो.”

“अडकला होता,” प्रल्हाद म्हणाला. आणि तो सत्यवचनी असल्यामुळे, बोट लागलं हेही त्याने स्वतःच जाहीर केलं.

शंभर एका दिवसात दोनदा निघत नाहीत. चौथ्या दिवशी शेडमध्ये ब्रेकब्लॉक उतरवताना वामनरावांचा खांदा उतरला, तो पुन्हा पहिल्या जागी चढलाच नाही. डॉक्टरांनी त्यांना पुढल्या जन्मीचं आश्वासन दिलं. तेव्हापासून चालला होता की अडकला होता, या प्रश्नावर लोहमित्रचे दोन तट पडले. मग तट गळाले, सभासद गळाले, आणि प्रश्न तेवढा दोन टोकांना दोन माणसं घेऊन, तोललेल्या रॉडसारखा, हवेत राहिला.

अडकला होता, हे सिद्ध करायचं तर त्या जागेपर्यंत स्वतः शंभर किलो घेऊन जायला हवं. म्हणून प्रल्हाद निघाला. छातीपासून वीतभर उंचीवरच्या त्या जागेला पोचायला त्याला अकरा वर्षं लागली. काशीला लोक याहून लवकर जाऊन येतात.

सत्तर किलोंचं एक वर्ष. ऐंशीची दोन. टाच जमिनीत रोवायची, खांद्याची दोन्ही पाती पाठीमागे एकमेकांना भेटवायची, श्वास पोटात कोंडायचा, रॉड छातीवर क्षणभर निजवायचा आणि मग उठवायचा. पाच वेळा पाच. पुन्हा पाच वेळा पाच. सव्वा किलोची एक चकती इकडे, सव्वा किलोची एक चकती तिकडे; आणि या अडीच किलोंच्या मध्ये कधी एक पावसाळा, कधी दोन. भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी, बायकोचे कटाक्ष. हळूहळू छाती रुंदावली, सदरे आखडले, आणि पार्सल ऑफिसातले हमाल त्याला पोतं उचलायला सांगू लागले.

ऐंशीच्या वर जाताच उशाला वामनराव येऊन उभे राहू लागले. नियम म्हणजे नियम. ते बोलत नसत. स्टुलावरून उठत, उशाला येत, रॉडकडे पाहत, झाल्यावर परत जाऊन बसत. रॉड छातीवर अडकून प्रल्हादने ‘धर’ म्हटलं, की त्यांचा कान पहिल्या वेळी बहिरा असे. दुसऱ्या वेळी ते रॉड उचलत, सावकाश, पूजेची भांडी उचलावीत तसा. साडेसत्त्याण्णववर प्रल्हाद चौदा महिने अडकला. चौदा महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दोनदा, ‘धर’. एवढ्या नामजपाने एखादा तरून गेला असता.

गावाला खात्री होती की वामनराव दबा धरून आहेत. चहाच्या टपरीवर लोक प्रल्हादला सांगत, तो म्हातारा तुला मरू देणार नाही, त्याहून वाईट करील. शंभराच्या दिवशी हळूच दोन बोटं लावील. ती कुणाला दिसायचीही नाहीत. लावली असं तो म्हणाला की संपलं. प्रल्हादला हे पटलेलं होतं. त्याला शंभर किलोंचं भय नव्हतं. त्याला दोन बोटांचं भय होतं, मदतीचं भय होतं, अकरा वर्षं ठेवणीत ठेवलेल्या, जपलेल्या, पाजळलेल्या दयेचं भय होतं.

आणि आज वैशाख होता, आणि दोन्ही बाजूंना विसाच्या दोन-दोन प्लेटा होत्या, आणि मधला रॉड वीस किलोंचा होता.

वामनराव गेरू कालवून आले. वाटी भिंतीपाशी ठेवली. कुंचला वाटीत बुडवला नाही, वाटीवर आडवा ठेवला, प्रल्हादला दिसेल असा.

प्रल्हाद आडवा झाला. वर पत्रा, पत्र्याच्या अलीकडे रॉड, रॉडच्या अलीकडे वामनरावांचा उलटा चेहरा: हनुवटी आकाशात, कपाळ पाताळात, आणि मध्ये मिशांचं एक काळं-पांढरं, न हसणारं हसू. वर्षानुवर्षं त्याने हा चेहरा उलटाच पाहिला होता. रस्त्यात सुलटा भेटला, तर ओळखायला त्याला क्षणभर लागे, आणि तेवढ्यात दोघांची मान वळलेली असे.

त्याने रॉड काढला. लोखंडाने पहिला शब्द उच्चारला: जड. तो खाली उतरू लागला, मंद, मत्त, गजगतीने, आणि छातीवर येऊन टेकला. प्रल्हादच्या टाचांनी जमीन दाबली, जमिनीने टाचा दाबल्या, पोटातला कोंडलेला श्वास धनुष्यासारखा ताणला गेला, आणि रॉड निघाला. एक बोट. चार बोटं. वीत.

आणि थबकला.

तीच जागा. तेच अंतराळ, तोच वैशाख, तोच पत्र्याखालचा लालबुंद काळ. कानात भोंगे वाजू लागले. दंडांत आग उतरली. त्याने उलट्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि हात त्याला सापडेनात. वामनरावांनी दोन्ही पंजे स्वतःच्याच काखांत कोंबले होते, घट्ट, बोटं दिसू नयेत असे, बोटं सुटू नयेत असे. मोडका खांदा थरथरत होता. मिटल्या ओठांवरून घाम टपकून प्रल्हादच्या कपाळावर पडत होता, थेंब थेंब, अभिषेकासारखा. हा आपल्याला जिंकू देतो आहे की चिरडू देतो आहे, हे खालून कळायला मार्ग नव्हता. आणि त्या घटकेला प्रल्हादला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

कारण त्याला दुसरंच काहीतरी कळत होतं. वरून पाहणाऱ्याला कधीही न दिसणारं, खाली निजलेल्याच्या फक्त हाडांना उमगणारं. रॉड थबकला नव्हता. केसाच्या रुंदीने, श्वासाच्या जाडीने, चंद्र सरकावा तसा, तो सरकत होता.

चालला होता.

चालला होता, चालला होता, आणि मग कोपर सुटले, हात सरळ झाले, शंभर किलो वैशाखाच्या छाताडावर उभे राहिले. रॉड खणकन् जागेवर बसला. कुणाचंही बोट न लागता.

वामनरावांनी काखांतून हात काढले. “बूड किंचित उचललं होतंस,” ते म्हणाले. अकरा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. “पण आपल्याकडे ते धरत नाहीत.”

मग ते भिंतीशी गेले, कुंचला बुडवला, आणि ‘प्रल्हाद नारखेडे’ असं ठसठशीत, निर्विकार, एखाद्याच्या घरावर जप्तीची नोटीस लिहावी अशा अक्षरांत लिहिलं. लिहिलं ते एकोणिसाव्या ओळीवर.

प्रल्हाद उठला. त्याने कुंचला उचलला आणि अठराव्या ओळीवरच्या त्या जुन्या, एकाकी, नावाची वाट पाहणाऱ्या ठिपक्याकडे हात नेला.

“ठेव तो,” वामनराव म्हणाले. “उशाला तू होतास. बाटला म्हणालास तो तूच. आता शब्द फिरवशील, तर उद्या या भिंतीवर कोण विश्वास ठेवील?”

प्रल्हादने हात मागे घेतला. छातीवरून उतरलेलं ओझं छातीच्या आत कुठेतरी पुन्हा चढू लागलं, सव्वा सव्वा किलोंनी.

“वामनभाऊ,” तो म्हणाला, “चालला होता तुमचा. मला आज कळलं.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” वामनराव म्हणाले.

त्यांनी कुंचला त्याच्या हातातून घेतला, बादलीत धुतला, झटकला, खिळ्याला टांगला. स्टूल भिंतीला लावलं. मग दोन बोटं खाली आलेला खांदा घेऊन ते उन्हात गेले, आणि उन्हाने त्यांना काही विचारलं नाही.

व्यायामशाळेत रॉड अजून किंचित, अगदी किंचित, थरथरत होता. बादलीतलं पाणी लाल झालं होतं. सतरा नावं, मग एक ठिपका, मग एक ओलं नाव. सूर्य हातभर वर आला, पत्र्याच्या फटीतून एक तिरीप आत उतरली, भिंतीवरून सरकत सरकत अठराव्या ओळीपाशी आली, आणि त्या ठिपक्याखाली दोन बोटं टेकवून उभी राहिली.

‘धर’ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.